अक्षर पडद्यावरून खाली उतरव

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेली कामं सावकाश पाहिली. मसाल्याचं लेबल, मिठाईच्या दुकानाची पाटी, दोन लग्नपत्रिका, बालनाट्याचं पोस्टर, आणि रोज एक शब्द घेऊन काढलेली अक्षरचित्रं. कामं विखुरलेली दिसतात, एकच शैली धरून बसू का, असं विचारलंयस. नको, इतक्यात नको. या सगळ्यांतून देवनागरी अक्षराचा धागा आधीच जातोय. अडचण दुसरीकडे आहे. तुझी अक्षरचित्रं 1080 पिक्सेलच्या चौकोनात जन्मतात आणि तिथंच संपतात. पडद्यावर रेघ फाटत नाही, शाई पसरत नाही, तुकडा गळून पडत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या कामात जे बिघडतं ते तुझ्या प्रयोगांत कधी बिघडलेलंच नाही, आणि प्रयोग कामाला काही शिकवत नाहीत.

म्हणून रोजचा शब्द थांबव आणि महिन्याला एकच शब्द घे. पण तो कागदावर, कापडावर, पत्र्यावर पोचेपर्यंत सोडू नकोस.

सुरुवात स्टेन्सिलने कर, म्हणजे शीटमध्ये अक्षर कापायचं आणि त्या भोकांतून रंग मारायचा. खर्च कमी, आणि देवनागरीची रचना याच्याइतकी स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही. शब्द घे 'वडापाव'. जाड वळणात काढ, अक्षराची उंची निदान 80 मिलिमीटर. 175 मायक्रॉनची पॉलिएस्टर शीट घे. 100 मायक्रॉनची रंगाच्या ओलीने कडेला उचलते. आता कापायच्या आधी विचार कर. 'व'चा गोल दांड्याला मिटतो, म्हणजे आतली जागा सुटी पडणार. तिला धरून ठेवायला गोलातच पूल, म्हणजे न कापलेली पट्टी, लागतो. 'प'चं तसं नाही. त्याच्या पोटातली जागा वरून शिरोरेखेने बंद केलेली असते, म्हणून तिथं शिरोरेखाच तोडली की काम होतं आणि 'प'चं वळण अखंड राहतं. 'म'चंही तेच. 'ड'ला पुलाची गरजच नाही. पूल 3 मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नकोस. दोन-चार वापरांत तुटतो. आणि सगळे पूल एकाच कोनात ठेव, नाहीतर ते चुकून राहिल्यासारखे दिसतात.

कापताना आतले लहान आकार आधी, बाहेरची रेघ शेवटी. उलट केलंस तर शीट ढिली पडते आणि लहान आकार वेडेवाकडे होतात. पातं बोथट झालं की लगेच बदल, कारण जोर लावला की वळणावर पातं घसरतं. स्प्रे 20 ते 25 सेंटिमीटरवरून, काटकोनात, पातळ तीन हात. एकाच जाड हातात रंग शीटखाली शिरतो आणि कडा फुटतात. हा दोष पहिल्या दिवशी येणारच. घाबरू नकोस, हात हलका कर.

हे कापून झालं की तुझी मिठाईच्या दुकानाची पाटी पुन्हा उघडून बघ. ती वेगळी दिसेल. स्टेन्सिलमध्ये अनुस्वार सर्वांत सोपा, नुसतं एक भोक. पाटीवरच्या उठावाच्या अक्षरांत तोच सर्वांत अवघड, कारण तो कशालाच जोडलेला नाही. त्याला वेगळा तुकडा, वेगळा खिळा आणि आत दिवा असेल तर वेगळी वायर लागते. शिरोरेखा मात्र इथं मदतीला येते. अख्खा शब्द एका पेटीत बनतो आणि वायरिंग आतूनच फिरतं. पण शब्द लांब असेल तर पेटीही लांब. एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या थरांची शीट, साधारण 8 बाय 4 फुटांची मिळते, म्हणून त्याहून लांब शब्दाचा सांधा कुठं येणार ते तूच ठरव. पाटी बनवणाऱ्या फॅब्रिकेटरवर सोडलंस तर तो सांधा मात्रेच्या मधोमध काढील. नेहमीचं एलईडी मोड्यूल बसवायला रेघेची जाडी साधारण 35 ते 40 मिलिमीटर हवी. तुझ्या पाटीतल्या उकारांची शेपटं त्याच्या निम्मीही नाहीत, ती काळोखात दिसणार नाहीत.

उंचीचा साधा हिशेब असा: दर 3 मीटर अंतराला 25 मिलिमीटर. रस्त्यापलीकडून 15 मीटरवरून वाचायचं असेल तर 125 मिलिमीटर. ही उंची शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतची, वेलांट्या आणि उकार त्याच्या वर-खाली वेगळे. इंग्रजी पाटीच्या मापात मराठी कोंबली की इथंच गुदमरते. शिवाय महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याच्या 2022च्या दुरुस्तीनंतर सर्व दुकानांच्या पाटीवर मराठी देवनागरीत हवीच, आणि इतर लिपींतल्या अक्षरांपेक्षा ती लहान असून चालत नाही. तुझ्या आराखड्यात इंग्रजी नाव मोठं आहे. ते बदल, गिऱ्हाइकाने मागितलं नसलं तरी.

आता मसाल्याचं लेबल. रंग सुंदर आहेत, मनापासून सांगतो. पण मागची बाजू तू शेवटच्या तासात भरलेली दिसते, आणि छापलेला माल परत येतो तो मागच्या बाजूमुळेच. ईएएन-13, म्हणजे मालावरचा नेहमीचा 13 अंकी बारकोड, मूळ मापात 37.29 बाय 25.93 मिलिमीटरचा असतो आणि 80 टक्क्यांपर्यंतच लहान करता येतो. तुझा साधारण 60 टक्क्यांवर आलाय. मूळ मापात डावीकडे 3.63 आणि उजवीकडे 2.31 मिलिमीटर जागा कोरी लागते. तिथं वेलबुट्टी नको. रेघा तू गडद लाल केल्यात. बहुतेक स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघ दिसतच नाही. लाल पार्श्वभूमीवर काळ्या रेघा मात्र चालतात, तुझ्या रंगसंगतीला तेच बसेल. शाकाहाराचं हिरवं चिन्ह दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावर ठरतं: 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत वर्तुळाचा व्यास किमान 3 मिलिमीटर, 500पर्यंत 4. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक 14 अंकी असतो, तू 13 टाकलेत. असले आकडे गिऱ्हाइकाकडून लेखी मागव, फोनवर ऐकून टाइप करू नकोस.

क्राफ्ट कागदाच्या पाऊचवर छापणार असशील तर खाली पांढरा थर लागेल. तो नसेल तर हळदीचा पिवळा मातकट होतो. आणि मसाल्याचं हेच गिऱ्हाईक पुढं लोणचं काढणार असेल तर कागदी स्टिकर नको, तेल पिऊन आठवड्यात पारदर्शक होतो. पीपी प्लास्टिकचा स्टिकर घे, वर लॅमिनेशन.

पत्रिकांबद्दल फार लिहीत नाही, त्या चांगल्या आहेत. दोनच गोष्टी. नावांमधली अक्षरं तू ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवून सैल केलीस, त्यामुळे शिरोरेखा जागोजागी तुटली. देवनागरीत ट्रॅकिंग शून्यावरच ठेव, मोकळीक ओळींमध्ये दे: 10 पॉइंटच्या मजकुराला 15 पॉइंटचं लीडिंग. दुसरं, 300 जीएसएमच्या कागदाला घडी घालण्याआधी क्रीझ, म्हणजे घडीच्या जागी दाबलेली रेघ, मारून घे, नाहीतर घडीवर शाई तडकते. ए4 कागदाचं तीन पानांत दुमडणारं पत्रक कधी केलंस तर आत दुमडणारं पान 97 मिलिमीटरचं ठेव, बाकी दोन 100ची. तिन्ही सारखी केलीस तर आतलं पान फुगतं.

पोस्टरमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आलेत. मुलांसाठीच्या नाटकात हे मला खटकलं, कारण मुलं शाळेत मराठी वळण शिकतात. राज्य शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयातही पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' आहे. अनेक फॉंटमध्ये दोन्ही वळणं आत असतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की आपोआप बदलतात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय, चालू आहे ना तेही बघ. तो बंद असला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न राहता उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटतात. श्रीलिपी या जुन्या फॉंटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणलास तर 'दऱ्या', 'तऱ्हा', 'ऱ्हस्व' हे शब्द शोधून डोळ्यांनी तपास, कन्व्हर्टर तिथं हटकून चुकतात. छापखान्यात फाइल देताना अक्षरं आउटलाइन कर, म्हणजे फॉंटऐवजी आकार बनव, कडेला कापण्यासाठी 3 मिलिमीटर जादा छपाई, म्हणजे ब्लीड सोड, आणि बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेव. चार शाईंचा काळा अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी अनुस्वार दोन-दोन दिसतात.

व्यवहाराचं थोडक्यात. निम्मे पैसे आधी, बदलांच्या फेऱ्या दोन, तिसरीचे पैसे वेगळे, हे कोटेशनमध्येच लिही. अक्षरचित्राचे हक्क देताना मुदत आणि प्रदेश लेखी हवेत. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश नसेल तर भारत. हे माहीत असलं की बोलणी करताना आवाज कापत नाही.

आणि प्रयोगांची वही ठेव. तारीख, शब्द, कोणती शीट, किती अंतर, काय बिघडलं. पुढच्या महिन्यात हाच 'वडापाव' कापडावर स्क्रीनने छाप: 43 टी मेश (सेंटिमीटरला 43 धाग्यांची जाळी), स्क्रीन आणि कापड यांत 2 ते 3 मिलिमीटर अंतर, कुठलीही रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको. स्टेन्सिलसाठी केलेले पूल इथं लागत नाहीत, पण ते काढण्याआधी एकदा ठेवूनही छापून बघ. काही पूल अक्षराला शोभतात, आणि मग ते तुझ्या वळणाचा भाग होतात.

शक्यतो पुढल्या पंधरवड्यात स्टेन्सिल काप. मला त्याचा फोटो नको, रंग लागलेली शीटच पोस्टाने पाठव. पूल कुठं तुटले ते हातात घेऊन बघायचंय.

तुझा,
एक जुना अक्षरवेडा