अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांच्या कोटेशनमध्ये मजुरी किती धरावी?

तुम्ही विचारलंय : 22 माणसांचं युनिट, फिटरला महिना 18,000 पगार, म्हणजे 26 दिवस गुणिले 8 तास या हिशेबाने तासाला साधारण 87 रुपये मजुरी. हाच आकडा कोटेशनमध्ये धरायचा का?

अजिबात नको. मी भोसरीतल्या अशाच छोट्या युनिटांचे हिशेब बघतो, आणि चांगलं काम करणारी माणसं नेमकी या 87 वर अडकलेली दिसतात.

20 च्या वर माणसं आहेत, म्हणजे पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), बोनस, ग्रॅच्युइटी सगळंच लागू. पीएफ 15,000 च्या मर्यादेवर भरलात तरी मालकाचा 12 टक्के हिस्सा, विमा आणि प्रशासन शुल्क मिळून 13 टक्के, म्हणजे 1,950. ईएसआयचे पूर्ण पगारावर 3.25 टक्के, 585. बोनस किमान 8.33 टक्के, तो 7,000 किंवा किमान वेतन यांतल्या मोठ्या रकमेवर निघतो. किमान वेतन 14,000 धरलं तर महिन्याला 1,166. ग्रॅच्युइटीसाठी पगाराच्या 4.81 टक्के बाजूला काढा, 866. पगार धरून महिन्याला झाले 22,567. बेसिक छोटं दाखवून यातलं काही वाचवू, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू आहे. त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरला जातो.

पण खरा फरक पडतो तो तासांत. दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा आणि सणांच्या 8 सुट्ट्या धरल्या तर महिन्याला 24 दिवस, 192 तास उरतात. त्यातही सेक्शन (अ‍ॅल्युमिनियमचे लांब बार) उतरवून घेणं, पावडर कोटिंगहून, म्हणजे रंगाचा थर देणाऱ्याकडून, माल यायची वाट बघणं, ब्लेड बदलणं आलंच. प्रत्यक्ष खिडकीवर तीन चतुर्थांश वेळ गेला तरी उत्तम म्हणायचं. म्हणजे 144 तास, आणि तासाचा खर्च 157 रुपये.

आता हा आकडा बघून स्वस्तातला माणूस शोधू नका, ही कळकळीची विनंती. खिडकीच्या किमतीत मोठा वाटा सेक्शन, काच आणि हार्डवेअरचा असतो. डबल हेड मशीनवर (दोन ब्लेडच्या कटिंग मशीनवर) 45 अंशाचा कट जरासा चुकला तर क्रिम्पिंगनंतर, म्हणजे कोपरे दाबून जोडल्यावर, कोपऱ्यात फट दिसते. शटरचे (सरकत्या पाल्याचे) दोन्ही कर्ण जुळत नाहीत, रोलर ट्रॅकवर घासतो. कोटिंग झालेला तुकडा मग भंगाराच्या भावाने जातो. जाणता फिटर कापण्याआधीच 12 आणि 16 फुटी बारमधून कोणते तुकडे निघतील हे मांडून घेतो. त्याला दोन हजार जास्त दिले तरी ते मालात भरून निघतात.

साइटवरची फिटिंग या दरात घालू नका. ती बहुतेक जण स्क्वेअर फुटावर ठेक्याने देतात. तरी ठेकेदाराने त्याच्या पोरांचा पीएफ, ईएसआय भरला नाही तर वसुली मूळ मालकाकडून होते. त्यामुळे बिल चुकतं करण्याआधी चलनाची प्रत मागायचीच.

आणि ओव्हरटाइम दुप्पट असतो. तुमच्याच 87 च्या दुप्पट 173, वर त्यावर ईएसआय, म्हणजे 179 च्या आसपास. दिवाळीआधी ताबा द्यायचाय म्हणून बिल्डर घाई करतो, तेव्हा त्या ऑर्डरला हाच दर लावा.