गोल विणताना रंगीत पट्ट्यांच्या जोडावर पायरी दिसते, ती कशी घालवावी?

गोल विणकामात फेरी बंद होत नाही, स्प्रिंगसारखी वर चढत जाते. म्हणून रंग बदलला की फेरीचा शेवट सुरुवातीपेक्षा एक ओळ वर येतो.

नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी सुलट विणा. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला, पहिल्या टाक्याच्या बरोबर खाली असलेल्या जुन्या रंगाच्या टाक्याची उजवी बाजू उचलून डाव्या सुईवर घ्या आणि दोन्ही मिळून एकच सुलट टाका विणा. मार्करनंतरच्या (मार्कर म्हणजे फेरीची सुरुवात दाखवणारी खूण) पहिल्याच टाक्यावर हे करायचं, पुढच्या नाही. एकाच फेरीच्या पट्ट्याला मात्र हे लागू पडत नाही, कारण दुसरी फेरीच नसते.

पट्टे 4 फेऱ्यांपर्यंतचे असतील तर लोकर तोडू नका, आतून ढिली वर न्या. ताणलीत तर जोडाची रेघ आवळून वर ओढली जाते, आणि धुतल्यावरही ती सरळ होत नाही.