नर्सिंगची पदवी : मान्यता कोणाची आणि कशाला?

प्रश्न : माझ्या मुलीला नर्सिंगची पदवी घ्यायची आहे. तिने दोन महाविद्यालये पाहून ठेवली आहेत. एक जुने आहे, दुसरे नव्यानेच सुरू झालेले आहे. दोन्हींच्या माहितीपत्रकांवर ‘मान्यताप्राप्त’ असे ठळक छापलेले आहे. या मान्यतेवर कितपत विसंबावे?

उत्तर : ती मान्यता कोणी दिली आणि नेमकी कशाला दिली, हे कळेपर्यंत तिच्यावर विसंबू नये. नर्सिंग हा परवान्याचा व्यवसाय आहे. पदवी हाती आली तरी परिचारिका म्हणून नोंदणी झाल्याशिवाय रुग्णसेवा करता येत नाही, आणि नोंदणी करणारी परिषद ज्या अभ्यासक्रमाला ओळखत नाही, त्याच्या पदवीधरांना ती दारातूनच परत पाठवू शकते. म्हणून आपला पहिला प्रश्न महाविद्यालयाला नव्हे, तर नोंदणी करणाऱ्या परिषदेला असावा.

बहुतेक घोटाळा होतो तो संपूर्ण संस्थेचे मानांकन आणि नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची मान्यता एकच समजल्यामुळे. भारतात ‘नॅक’ या मूल्यांकन संस्थेची श्रेणी महाविद्यालयाच्या एकूण कारभाराविषयी सांगते, परिचारिका म्हणून नोंदणी मात्र राज्याच्या परिचर्या परिषदेकडे होते आणि शिक्षणाचे मानक १९४७ च्या कायद्यानुसार स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद ठरवत आली आहे. अमेरिकेत ही रचना आणखी एका पायरीने वाढते. तेथे राज्याच्या नर्सिंग मंडळाने अभ्यासक्रमाला मंजुरी दिली, की विद्यार्थ्याला ‘एनक्लेक्स’ ही परवाना परीक्षा देता येते. परंतु ‘सीसीएनई’ किंवा ‘एसीईएन’ यांसारख्या स्वतंत्र संस्थांचे मानांकन ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, आणि ते नसेल तर परवाना मिळूनही पदव्युत्तर प्रवेशाच्या व काही चांगल्या नोकऱ्यांच्या वाटा बंद होऊ शकतात. ब्रिटनमध्ये ‘एनएमसी’ ही नोंदणी करणारी परिषदच अभ्यासक्रमांना मान्यता देते. देश कोणताही असो, परवान्याशी थेट जोडलेली मान्यता कोणती, हे आधी शोधावे.

पडताळणी नेहमी त्या परिषदेने स्वतः प्रसिद्ध केलेल्या यादीतूनच करावी. महाविद्यालयाने दाखवलेल्या पत्राची छायाप्रत पुरेशी समजू नये. यादीत अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, पदवीचा स्तर, शिकवण्याचे ठिकाण आणि मान्यतेची मुदत या चारही गोष्टी ताडून पाहाव्यात, कारण एका संकुलाची मान्यता दुसऱ्या संकुलाला आपोआप लागू होत नाही आणि पदविकेची मान्यता पदवीसाठी चालत नाही. अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात फ्लोरिडातील तीन संस्थांतून ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग पदविका विकल्या गेल्याचा आरोप तपास यंत्रणांनी ठेवला. या संस्था उघडपणे चालत होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढी बारकाई अनाठायी वाटणार नाही.

नव्या महाविद्यालयाबाबत एक जादा प्रश्न विचारावा. ‘मानांकनासाठी अर्ज केला आहे’ किंवा ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे उत्तर मिळाले, तर ते मानांकन नव्हे. आपली मुलगी पदवीधर होईल त्या तारखेपूर्वी ते मिळाले नाही, तर तिच्या तुकडीचे काय होईल, याचे उत्तर लेखी मागावे. ते देण्यास टाळाटाळ होत असेल, तर माझ्या मते प्रवेश घेऊ नये.

प्रश्न : घरी राहून पूर्णपणे ऑनलाइन नर्सिंगची पदवी मिळते, अशा जाहिराती दिसतात. त्या विश्वासार्ह आहेत का?

उत्तर : आधीच नोंदणीकृत असलेल्या परिचारिकांसाठी पदविकेवरून पदवीकडे जाणारे काही मानांकित अभ्यासक्रम बव्हंशी ऑनलाइन असतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांचा मूळ सराव आधी झालेला असतो. प्रथमच या व्यवसायात येणाऱ्याला मात्र रुग्णाच्या खाटेशेजारी शिकण्याला पर्याय नाही. युरोपीय संघाच्या नियमांत सर्वसाधारण परिचारिकेसाठी किमान ४,६०० तासांचे शिक्षण अपेक्षित आहे आणि त्यातील निम्मा तरी भाग प्रत्यक्ष रुग्णसेवेतील प्रशिक्षणाचा असावा लागतो. ऑस्ट्रेलियात किमान ८०० तासांचा प्रत्यक्ष सराव आवश्यक आहे. आकड्यांतील ही तफावत मोजण्याच्या पद्धतीमुळेही पडते, तेव्हा केवळ त्यांवरून दर्जा ठरवू नये. हे तास कोठे पूर्ण होतात, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. रुग्णालयांशी लेखी करार आहेत का, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या विभागांत प्रत्येक विद्यार्थ्याला सरावाची पाळी मिळते का, एका प्रशिक्षिकेकडे किती विद्यार्थी असतात, हे विचारावे आणि शक्य असल्यास शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांकडूनच त्याची खातरजमा करावी. प्रशिक्षणाचे रुग्णालय विद्यार्थ्याने स्वतःच शोधावे, अशी अट असेल तर पदवी लांबण्याचा धोका आपल्या डोक्यावर येतो. जेथे परवाना परीक्षेचे निकाल महाविद्यालयनिहाय प्रसिद्ध होतात, तेथे पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण सलग काही वर्षांचे पाहावे. एका वर्षाचा चांगला निकाल लहान तुकडीमुळेही लागू शकतो.

प्रश्न : पदवीनंतर दुसऱ्या देशात काम करायचे आहे. आताच काय पाहावे?

उत्तर : त्या देशाच्या परिषदेचे नियम प्रवेशापूर्वीच वाचावेत. मानांकित पदवी असली तरी परदेशात आपोआप नोंदणी होत नाही. तेथे विषयवार शिकवण्याचे व सरावाचे तास तपासले जातात आणि एखाद्या विषयाचा सराव अपुरा भरला, तर तो पुन्हा करावा लागू शकतो. अमेरिकेसाठी परदेशी परिचारिकांची कागदपत्रे पारखण्याचे काम ‘सीजीएफएनएस’ (२०२५ पासूनचे नाव ‘ट्रूमेरिट’) ही १९७७ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. त्यामुळे महाविद्यालय विषयवार तासांचा तपशील शिक्का-सहीनिशी देते का आणि तो थेट परदेशी संस्थेकडे पाठवते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे, आणि प्रत्येक वर्षाचा अभ्यासक्रम व सरावाची नोंदवही स्वतःजवळ जपून ठेवावी.