आईचे वजन, मुलाचे चयापचय आणि दुसरे गर्भारपण

पहिल्या गर्भारपणात आपले वजन बरेच जास्त होते आणि आता नऊ वर्षांच्या मुलाचेही वाढते आहे. हे आपल्यामुळेच झाले का आणि दुसऱ्या वेळी ते टाळता येईल का, असे आपण विचारले आहे. आईच्या प्रकृतीचा परिणाम होतो, हे खरे. परंतु तो एकमेव नाही आणि अटळही नाही.

आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळापर्यंत सहज पोहोचते, इन्शुलिन मात्र पोहोचत नाही. म्हणून आईची साखर वाढलेली असली की बाळाच्या स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन तयार करावे लागते आणि त्यामुळे बाळाच्या अंगावर चरबी साठते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३ हजारांहून अधिक गर्भवतींच्या पाहणीत तर मधुमेह ठरत नाही इतक्या साखरेतही, ती जसजशी वाढते तसतसे बाळाचे जन्मवजन वाढत जाते, असे दिसले.

हा सारा आनुवंशिकतेचा भाग असेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील पिमा जमातीत सख्ख्या भावंडांची तुलना झाली, तेव्हा आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये स्थूलता आणि मधुमेह हे दोन्ही, आधी जन्मलेल्या भावंडांपेक्षा अधिक आढळले. वडिलांच्या मधुमेहाबाबत असा फरक दिसला नाही. मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो.

गर्भ राहिल्यानंतर आहार-व्यायामाचे मार्गदर्शन दिलेल्या मोठ्या चाचण्यांत आईची वजनवाढ थोडी आटोक्यात राहिली, परंतु मुलांच्या वजनात टिकाऊ फरक फारसा पडला नाही. त्यामुळे खरा वाव गर्भधारणेच्या आधी आहे: वजन जमेल तेवढे कमी करावे, साखर व रक्तदाब तपासून घ्यावेत, घरात कोणी धूम्रपान करत असेल तर ते थांबवावे. गर्भारपणात मात्र उपाशी राहू नये. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील नेदरलँड्समधील दुष्काळात गर्भात असलेल्यांची साखर हाताळण्याची क्षमता प्रौढपणी कमी आढळली. बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणारा आकडा) ३० किंवा अधिक असलेल्या स्त्रीसाठी गर्भारपणात एकूण ५ ते ९ किलो वजनवाढ पुरेशी मानली जाते.

थोरल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याला एकट्याला पथ्यावर ठेवण्याऐवजी घरातील सर्वांचेच जेवण, झोप आणि हालचाल बदला आणि त्याची वाढ बालरोगतज्ज्ञांना नियमित दाखवत राहा.