मतदान केंद्रावर मतपत्रिका खराब झाली किंवा फाटली, तर मतदाराला दुसरी मिळते का?

मिळते, मात्र खराब झालेली पत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी केंद्राध्यक्षाकडे परत द्यावी लागते आणि चूक अनवधानाने झाली अशी त्याची खात्री पटावी लागते. निवडणूक संचालन नियम, 1961 मधील नियम 41 इतका स्पष्ट असूनही याच मुद्द्यावरून मी वर्षानुवर्षे टोमणे ऐकत आलो आहे.

1995 च्या विधानसभा निवडणुकीत मी, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या अक्राणी तालुक्यात, केंद्राध्यक्ष होतो. पावरी बोलणाऱ्या एका आजींनी स्थळप्रतीवर (मतपत्रिका फाडून दिल्यावर केंद्राकडे उरणाऱ्या भागावर) अंगठा उठवला, पत्रिका घेऊन त्या आडोशामागे गेल्या आणि मत नोंदवण्यासाठी दिलेला बाणफुलीचा शिक्का बाजूला राहून शाईने भरलेला तोच अंगठा त्यांनी पत्रिकेवर दाबला. चूक लक्षात येताच त्यांनी घडी केलेली पत्रिका माझ्यापुढे धरली. शेजारचे मतदान अधिकारी, जे पुढे माझे व्याही झाले, म्हणाले, ‘‘टाकू द्या पेटीत, सर. एका मतदाराला एकच पत्रिका.’’

ती पेटीत गेली असती तर मतमोजणीत बाद झाली असती, कारण दिलेल्या शिक्क्याशिवाय केलेली खूण चालत नाही आणि अंगठ्यावरून मतदार ओळखता येतो. मी पत्रिकेवर व स्थळप्रतीवर ‘खराब : रद्द’ असा शेरा लिहिला, ती वेगळ्या पाकिटात ठेवली आणि आजींना दुसरी दिली. मतपत्रिकांच्या हिशेबात रद्द पत्रिका स्वतंत्र दाखवाव्या लागतात. पेटीत आजींची पत्रिका एकच पडली, तरीही प्रत्येक लग्नकार्यात व्याही चार पाहुण्यांसमोर सांगतात की यांनी एका बाईला दोन मते दिली. नियम न वाचता वाटेल तो नियम सांगणारे असे कर्मचारीच मते बाद करवतात आणि नंतर मतदाराला अडाणी ठरवतात, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्हाला कोणी नकार दिला, तर थेट केंद्राध्यक्षाशी बोला. टेबलावरच्या इतरांशी हुज्जत घालू नका.

फाटण्याविषयी सांगायचे तर, नुसता कोपरा फाटला म्हणून मत बाद होत नाही; पत्रिका खरी आहे हेच ठरवता येऊ नये इतकी ती फाटलेली असावी लागते.

अर्थात, हे सारे कागदी मतपत्रिकेपुरते आहे. यंत्रावर बटण दाबून मत नोंदले गेले की ते बदलता येत नाही. विधान परिषदेच्या आमच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघात मात्र आजही कागदच आहे, पण तिथे शिक्का नसतो, केंद्रावर दिलेल्या पेनाने पसंतीक्रम अंकांत लिहायचा असतो आणि 1 हा अंक नसेल तर मत बाद होते. एवढे तरी व्याह्यांना मान्य आहे.