वाचक विचारतात : डेटा खुला ठेवायचा, पण नक्की कसा?

मागच्या अंकात संशोधनाचे डेटासेट सगळ्यांसाठी खुले ठेवण्यावर थोडंसं लिहिलं आणि मेलबॉक्स भरून वाहायला लागला. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत, आणि मुद्दाम वेगवेगळ्या शाखांतले घेतलेत. आपल्याच शाखेतल्या माणसाला डेटा देणं तसं सोपं असतं, निम्मं न सांगताच त्याला कळतं. खरी पंचाईत होते ती दुसऱ्याच शाखेतला कुणीतरी तुमची फाइल उघडतो तेव्हा.

ताई, मी जीवशास्त्रात पीएचडी करतेय. पहिला पेपर जवळजवळ ॲक्सेप्ट झालाय, पण जर्नल म्हणतंय डेटा खुला करा. सर म्हणतात एवढ्यात नको, याच डेटातून अजून दोन पेपर निघतील, दुसऱ्या कुणी आधी छापले तर काय करायचं? मी मधल्यामध्ये अडकलेय.

अगं, सरांची भीती अगदीच खोटी नाहीये, पण त्यावर तोडगा आहे आणि तो जुनाच आहे. जर्नलला सहसा तुझा सगळा डेटा नको असतो, या पेपरातले आलेख आणि तक्ते ज्यावर उभे आहेत तेवढाच हवा असतो, तेवढा दे. बाकीचा आत्ताच रेपॉझिटरीत, म्हणजे डेटा जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन कोठारात, टाकून एम्बार्गो लाव, म्हणजे अमुक तारखेपर्यंत फाइल बंद, पण ती आहे हे सगळ्यांना दिसतं आणि कधी टाकली त्याची नोंदही राहते. खगोलवाले हे कधीपासून करतात. हबल दुर्बिणीवर ज्याने वेळ मागून घेतला त्याला ती निरीक्षणं बराच काळ वर्षभर एकट्याला वापरता यायची, नंतर ती मुदत सहा महिन्यांवर आणली, आणि मुदत संपली की जगात कुणीही डाउनलोड करा. दुसरं टोक मानवी जीनोमवाल्यांचं, १९९६ मध्ये बर्म्युडाला बसून त्यांनी ठरवलं की ठराविक लांबीच्या वरचा डीएनएचा जोडलेला क्रम २४ तासांच्या आत खुला करायचा. म्हणजे बघ, शाखा बदलली की रिवाज बदलतो, तुझ्या शाखेत काय चालतं ते सरांशी बोलून ठरव, फक्त तारीख लेखी ठरव, "नंतर बघू" नको.

"नंतर बघू"चं काय होतं तेही सांगते. २०१४ मध्ये काही जणांनी प्राणी-वनस्पतींच्या मोजमापांवरचे ५१६ पेपर घेतले, २ ते २२ वर्षं जुने, आणि लेखकांकडे डेटा मागितला. पेपर जसजसा जुना तसतसा डेटा शिल्लक असण्याची शक्यता दर वर्षाला साधारण १७ टक्क्यांनी घसरत गेलेली. चोरी वगैरे कुणी केली नव्हती हं, ईमेल बंद पडलेले, आणि डेटा असला तरी अशा जुन्या डिस्कवर की ती वाचणारं मशीनच जवळ नाही. दुसरा कुणीतरी आधी छापेल याच्यापेक्षा आपलीच फाइल आपल्याला सापडणार नाही ही शक्यता मला तरी मोठी वाटते.

नमस्कार. आमचा समाजशास्त्राचा प्रोजेक्ट आहे, घरातल्या हिंसेतून बाहेर पडलेल्या बायकांच्या दीर्घ मुलाखती. पैसे देणारी संस्था म्हणते डेटा खुला ठेवा. नावं काढून टाकली की झालं ना? का सरळ नाही म्हणायचं?

नावं काढली की झालं असं अजिबात नाही, आणि सरळ नाही म्हणायचीही गरज नाही.

आधी नावांचं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या, त्यांनी मतदारयादी मिळवली, दोन्हीकडचे पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग जुळवले आणि थेट तिथल्या गव्हर्नरचीच, विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. पुढे त्यांनीच अंदाज मांडला की अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना एवढ्या तीनच गोष्टींवरून नेमकं ओळखता येतं. आणि हे नुसत्या तक्त्यांचं झालं, मुलाखतीत तर माणूस आख्खा उतरलेला असतो. तीन मुली, थोरली परदेशात, नवरा ड्रायव्हर, दीर वकील, अमुक साली घर सोडलं, एवढं वाचल्यावर जगाला काही कळणार नाही पण त्या दिराला पहिल्याच पानावर कळेल, आणि तुमच्या विषयात धोका नेमका त्याच्याकडूनच असतो.

दुसरं संमतीचं. ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीतल्या लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. त्याच नमुन्यांवर नंतर स्किझोफ्रेनिया, पूर्वजांचं स्थलांतर असलेही अभ्यास झाले, ते कळल्यावर जमात कोर्टात गेली आणि २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत देऊन तडजोड केली. तिथे डेटा गुप्त राहिला की नाही हा मुद्दाच नव्हता, एकासाठी दिलेलं दुसऱ्यालाच वापरलं हा होता. शाखा ओलांडून शेअर करायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच येतो, कारण दुसऱ्या शाखेतला माणूस तुमच्या मुलाखतींना काय विचारेल ते तुम्हाला आज सांगता येत नाही.

मग करायचं काय, तर डेटा म्हणजे एकच गठ्ठा असं समजायचं नाही. प्रश्नावली, कोडबुक (कुठल्या उत्तराला कुठली खूण दिली त्याची यादी), मुलाखती कशा आणि कुणी घेतल्या, किती जणींनी नकार दिला, हे सगळं बिनधास्त खुलं ठेवा, दुसऱ्यांना याचाच खूप उपयोग होतो. मुलाखतींचा मजकूर अशा अर्काइव्हमध्ये ठेवा जिथे अर्ज करून, करारावर सही करूनच बघायला मिळतो. सामाजिक शास्त्रांच्या मोठ्या अर्काइव्हांत, मिशिगन विद्यापीठातलं १९६२ पासूनचं आयसीपीएसआर घ्या, ही सोय आहे. आणि ऑडिओ कदाचित कधीच नाही, आवाज ओळखू येतो. युरोपातल्या प्रोजेक्टांत याला "शक्य तेवढं खुलं, गरजेपुरतं बंद" म्हणतात. २०१६ मध्ये आलेली डेटा सांभाळण्याची फेअर तत्त्वं पण हेच सांगतात, डेटा सापडला पाहिजे आणि कुठल्या अटींवर मिळेल ते कळलं पाहिजे, फुकट सगळ्यांना वाटलाच पाहिजे असं त्यात कुठेही नाहीये. पैसे देणाऱ्यांना हे लिहून कळवा, बहुतेक वेळा ऐकतात.

आता अवघड भाग. तुमच्या संमतीपत्रात "फक्त आमची टीमच बघेल" असं लिहिलेलं असेल तर विषय संपला, ते वाक्य पाळायचं. परत जाऊन विचारता येतं, पण या बायकांच्या बाबतीत फोन कोण उचलेल याचा आधी विचार करा. पुढच्या प्रोजेक्टला मात्र सुरुवातीलाच तीन वेगळ्या चौकटी ठेवा : आमच्यापुरतं, अर्ज करणाऱ्या संशोधकांना, सगळ्यांना. जिला जिथे टिक करायची तिथे ती करेल.

मी मशीन लर्निंगवाला. नद्यांच्या प्रवाहाचा एक डेटासेट डाउनलोड केला, एकदम खुला. मॉडेल भयंकर चुकतंय. कॉलमची नावं क्यू१, क्यू२_नवीन, फ्लॅग. मेल टाकला, उत्तर नाही. नीट लिहून ठेवायला काय होतं या लोकांना?

नीट लिहायला हवं होतं हे खरंच, पण मला सांगा, ट्रेनिंग सुरू करायच्या आधी तुम्ही प्रत्येक कॉलमची किमान आणि कमाल किंमत बघितली का? माझी पैज आहे की त्यात कुठेतरी -९९९९ बसलेला आहे. पाण्यावाले, हवामानवाले मोजमाप मिळालं नाही की तिथे असा आकडा घालतात, त्यांच्यात ते पोराटोरालाही माहीत असतं, आणि तुमचं मॉडेल बिचारं नदी उलटी वाहतेय असं समजून शिकत बसलंय. मग युनिट बघा. क्यू१ क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि क्यू२ क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) असेल तर दोघांत ३५ पटीहून थोडा जास्तच फरक आहे. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच गेलं, एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंडच्या हिशोबात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनचे समजून वापरले आणि यान मंगळाच्या वातावरणात नको तितकं खाली उतरून हातचं गेलं. तारखाही तपासा, अमेरिकेतला डेटा असेल तर २०१९ चं "वॉटर इयर" २०१८ च्या ऑक्टोबरातच सुरू झालेलं असतं. आणि फ्लॅग नावाचा कॉलम टाकून दिला असेल तर परत आणा, कुठल्या दिवशी यंत्र गाळात रुतलं होतं ते त्यातच असतं बहुतेक.

हे सगळं झालं की एक जलविज्ञानवाला गाठा, नुसता मेलवर नाही, टीममध्ये घ्या आणि पेपरवर नाव द्या. दुसऱ्या शाखेचा डेटा फुकट मिळाला म्हणजे ती शाखा पण डाउनलोड झाली असं नसतं.

तुमची तक्रार मी देणाऱ्यांपर्यंत पण पोचवते. मंडळी, फाइलबरोबर एक रीडमी, म्हणजे माहितीची चिठ्ठी, ठेवा आणि तुमच्या शाखेत एकही तास न बसलेला हुशार माणूस समोर आहे असं धरून लिहा : प्रत्येक कॉलम म्हणजे काय, युनिट काय, रिकामी जागा कशी दाखवलीय, कुठल्या यंत्राने मोजलं, कुठल्या ओळींवर तुमचा स्वतःचाच भरवसा नाही. शंकास्पद ओळी पिवळ्या रंगवून ठेवल्या असतील तर सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) केली की रंग उडून जातो, त्याचा वेगळा कॉलम करा. आणि एक्सेलवर डोळा ठेवा. जनुकांची नावं तो तारखा समजून बदलतो, सेप्ट२ लिहिलं की २ सप्टेंबर करून ठेवतो. २०१६ मध्ये तपासलं तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्यात असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, एक्सेलपुढे हात टेकले म्हणायचे.

मी इतिहासाची प्राध्यापक होते, आता निवृत्त. वीस वर्षं जुन्या दप्तरांमधून उतरवलेल्या नोंदींच्या वह्या आहेत. याचा इतिहासाबाहेर कुणाला काय उपयोग?

मॅडम, असं म्हणू नका. जुन्या जहाजांच्या लॉगबुकांचं उदाहरण देते. १७५० ते १८५० या काळातल्या ब्रिटिश, डच, फ्रेंच, स्पॅनिश जहाजांवर रोज वारा किती आणि कुठून ते लिहायचे, पण आकड्यात नाही, शब्दांत, "झुळूक", "चांगला वारा", "शिडं गुंडाळायला लावणारा" अशा धाटणीचं. हवामान-अभ्यासकांना समुद्रावरचा एवढा जुना वारा कुठून मिळणार? क्लिवॉक नावाच्या प्रकल्पात इतिहासवाले आणि हवामानवाले एकत्र बसले, लॉगबुकं उतरवली आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही भाषांतले हे शब्द आजच्या बोफर्ट मापात, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या मोजपट्टीत, कुठे बसतात याचा शब्दकोशच केला. तो कोश नसता तर त्या नोंदी हवामानवाल्यांना नुसत्या गोष्टी वाटल्या असत्या.

तुमच्या वह्यांत किमती, पाऊस, रोगराई, पिकं, लोकांची ये-जा असं काही असेल तर अर्थशास्त्र, हवामान, साथरोग, सगळ्यांना ते हवंय. फक्त तुमच्या डोक्यातला कोश वहीबरोबर आला पाहिजे. कुठलं माप, कुठलं नाणं, कुठलं पंचांग, कुठला शब्द तुम्ही वाचताना अंदाजाने लावला. मूळ शब्द एका कॉलमात तसाच ठेवा, तुमचा अर्थ शेजारच्या कॉलमात, दोन्ही एकात मिसळू नका. आणि कुठल्या दप्तरातलं कुठलं पान ते प्रत्येक ओळीला. एखाद्या विद्यार्थ्याला हाताशी घ्या, पण हे सांगायला तुम्हीच बसा.

लायसन्स कुठलं लावू? आणि गूगल ड्राइव्हची लिंक दिली तर चालेल ना?

लिंक चालणार नाही, नोकरी बदलली की अकाउंट जातं. झेनोडो नावाच्या रेपॉझिटरीवर टाका, सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने २०१३ पासून चालवलंय, फुकट आहे, कुठल्याही शाखेचं घेतात आणि कायमचा डीओआय, म्हणजे फाइलचा न बदलणारा ओळखक्रमांक, मिळतो. तुमच्या शाखेचं स्वतःचं रेपॉझिटरी असेल तर ते जास्त बरं, तिथले लोक तपासून घेतात. लायसन्स सीसी-झीरो (कसलीच अट नाही) किंवा सीसी-बाय (वापरा, पण नाव द्या). "व्यावसायिक वापर नको" वालं एनसी लावायचा मोह होतो सगळ्यांना, पण व्यावसायिक कशाला म्हणायचं यावरच वाद होतात आणि घाबरून चांगली माणसंच लांब राहतात. लायसन्स न लावणं सगळ्यात वाईट, कारण मग वापरायचं की नाही तेच कळत नाही.

एवढं सगळं करून आम्हाला काय मिळणार? बढतीच्या फॉर्मवर डेटासेटला रकानाच नाही.

रकाना नसणं हे खरंच चुकीचं आहे आणि त्यावर माझ्याकडे जादू नाही. २०१६ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय जर्नलच्या संपादकीयात दुसऱ्यांचा डेटा वापरणाऱ्यांसाठी "रिसर्च पॅरासाइट" (संशोधनावरचे परजीवी) असा शब्द आला होता, त्यावर इतका गदारोळ झाला की पुढे काही जणांनी चांगला पॅरासाइट म्हणून चक्क बक्षीस सुरू केलं. साइटेशनचं, म्हणजे दुसऱ्यांनी तुमच्या पेपराचा संदर्भ देण्याचं, म्हणाल तर जनुकांच्या डेटावरच्या २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात खुल्या डेटाच्या पेपरांना सुमारे ९ टक्के जास्त साइटेशन दिसली, फायदा आहे, पण लॉटरी नाही. प्रोटीनच्या रचनांचं खुलं कोठार असलेली प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सातच रचनांवर सुरू झाली होती, नंतर हजारो प्रयोगशाळांनी त्यात भर घातली, त्यावरच प्रोटीनची रचना ओळखणारं अल्फाफोल्ड हे एआय शिकलं आणि २०२४ मध्ये ते घडवणाऱ्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, अर्थात बँकेत रचना भरणाऱ्या हजारोंना नाही. हे तुम्हाला अन्यायच वाटेल तर मी वाद घालणार नाही. पण डीओआय असलेला डेटासेट प्रकाशनांच्या यादीत स्वतंत्र ओळ म्हणून लिहा, रकाना नसला तरी लिहा, आणि स्वतः दुसऱ्याचा वापराल तेव्हा आभारात नाही, संदर्भयादीत टाका.

डेटासेट टाकला, लोकांनी वापरलाही, आता त्यात चूक सापडलीय. गुपचूप फाइल बदलू का?

नाही हो! जुनी फाइल तशीच राहू द्या, कारण तिच्यावर कुणाचातरी पेपर उभा आहे. नवीन व्हर्जन टाका, झेनोडोत प्रत्येक व्हर्जनला वेगळा डीओआय मिळतो. वर पहिल्याच ओळीत लिहा काय चुकलं होतं, कुठल्या ओळी बदलल्या, कधी. आणि ज्यांनी वापरलाय असं माहीत आहे त्यांना आजच्या आज मेल टाका.