अमेरिकेत शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली तर मुलाचं नुकसान होतं का?

नाही, जे खरं आहे तेच लिहा. नुसत्या त्या उत्तरावरून मुलाला वेगळं काढत नाहीत. आधी इंग्रजीची चाचणी घेतात. त्यात कमी पडला तरच तो ‘इंग्लिश लर्नर’ ठरतो आणि जादा मदतीची जबाबदारी शाळेवर येते.

ही मदत म्हणजे शाळेची मेहेरबानी नव्हे बरं का. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनीभाषक मुलांच्या ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७४ साली एकमताने निकाल दिला: सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. इंग्रजीच कळत नसेल तर मूल वर्गात बसूनही शिक्षणाबाहेरच राहतं. या निकालाला आधार होता १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा.

खरी कटकट वेळापत्रकाची. कधी कधी इंग्रजीच्या मदतीसाठी मुलाला नेमकं विज्ञानाच्या तासातून उठवतात, ते आधीच विचारून घ्या. पालक म्हणून तुम्ही ही मदत नाकारू शकता, पण दर वर्षीची इंग्रजी चाचणी काही सुटत नाही. आणि ‘घरी आता इंग्रजीच बोला’ असं कुणी सुचवलंच, तर हसून सोडून द्या.